गंजी, लहळी आणि गंज : रचलेल्या गवताच्या वाचक शब्दांचा अर्थविचार

१

पुण्याच्या मंडईत आज ‘गंजी’ हा शब्द कोणी उच्चारला, तर ऐकणाऱ्या बहुतेकांच्या मनात सदऱ्याच्या आत घालावयाचे विणलेले वस्त्रच उभे राहते. शेतकऱ्याच्या बोलीतील गंजी निराळी आहे. कापून वाळविलेले गवत, कडबा अथवा पेंढा पावसापाण्यापासून राखला जावा अशा बेताने रचून जो उंच ढीग केला जातो, त्याचे ते नाव होय. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या कोशापासून विसाव्या शतकातील दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत हा अर्थ नोंदला गेला आहे. मंडईपासून आग्नेय दिशेस थोडे अंतर चालून गेले की जी पेठ लागते, तिचे जुने नाव गंज पेठ. शेतातील गंजी आणि शहरातील गंज यांचे नाते कोणते, आणि ‘ढीग’ हा सोपा शब्द हाताशी असताना रचलेल्या गवतासाठी मराठीने इतके वेगवेगळे शब्द का बाळगले, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगून टाकणे सोयीचे होईल. गंजी व तिच्या जातीचे इतर शब्द यांचा गाभा ‘उंच रास’ हा नाही. ‘पुढील अडचणीच्या काळासाठी राखून ठेवलेला संचय’ हा त्यांचा गाभा आहे. उभे गवत रानाचे असते, कापलेले गवत श्रमाचे असते आणि रचलेले गवत कोणाच्या तरी मालकीचे असते. ही तिसरी अवस्था या शब्दांनी दाखविली जाते. म्हणूनच त्यांच्या इतिहासात शेतीइतकाच हक्काचा, राज्यसत्तेचा आणि बाजाराचाही इतिहास सापडतो.

२

अर्थविचार करण्यापूर्वी एकसारखे दिसणारे पण भिन्न कुळांतील शब्द बाजूला काढणे आवश्यक आहे. अंगात घालावयाची गंजी ही इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाच्या नावावरून आली. तेथील विणलेल्या कपड्याची ख्याती दर्यावर्दी लोकांबरोबर पसरली आणि ‘गंजीफ्रॉक’ या जोडशब्दाच्या वाटेने ती मराठीत रुळली. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ फारसीमार्गे आला. सावंतवाडीच्या कारागिरांनी रंगविलेल्या गोल गंजिफांमुळे तो शब्द महाराष्ट्रात आजही परिचित आहे. लोखंडावर चढणारा गंज हा फारसी ‘झंग’ या शब्दाशी जोडला जातो; हिंदीतील ‘जंग’ हे त्याचेच रूप. स्वयंपाकघरातील उभट, खोलगट भांड्यासही गंज म्हणतात. या चारांपैकी पहिल्या तिघांचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. चौथ्यात मात्र ‘साठविण्याचे पात्र’ हा भाव असल्याने त्याचा विचार गंज या मूळ शब्दाच्या परिवारात करणे अयोग्य ठरणार नाही.

गंज या शब्दाची वाट दूरची आहे. प्राचीन इराणी भाषांत ‘गंझ’ अशा रूपाने तो राजाच्या खजिन्यासाठी वापरला जात असे. तेथून तो पश्चिमेस ग्रीक व लॅटिन भाषांत ‘गाझा’ या रूपाने गेला, आणि अरमाईक व हिब्रू भाषांतही शिरला. कैरो येथील प्रसिद्ध ‘गेनिझा’, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातील जुने लेख जपून ठेवण्याची खोली, हे नावही याच परिवारातील मानले जाते. पूर्वेकडे त्याची साक्ष मथुरेच्या कोरीव लेखात आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या महाक्षत्रप शोडासाच्या एका अधिकाऱ्यास त्या लेखात ‘गंजवर’ म्हटले आहे. गंजवर म्हणजे कोषाधिकारी. बाराव्या शतकात कल्हणाने लिहिलेल्या राजतरंगिणीतही हा शब्द येतो. संस्कृत कोशांनी ‘गञ्ज’ या शब्दास खजिना, कोठार आणि बाजार असे अर्थ दिले आहेत. याचा अर्थ असा की मुसलमानी अमलाच्या कितीतरी आधी हा शब्द भारतात येऊन स्थिरावला होता, आणि मध्ययुगात फारसी ही दरबारची भाषा झाल्यावर तो पुन्हा नव्याने आला. एकाच शब्दाचे हे दुहेरी आगमन ध्यानात घेतले, म्हणजे ‘गंज हा संस्कृत की फारसी’ हा वाद फारसा फलदायी नाही, हे उघड होते.

दुसऱ्या आगमनानंतर ‘खजिना’ या अर्थापेक्षा ‘कोठार’ आणि ‘कोठारांभोवती भरणारा बाजार’ हे अर्थ बलवत्तर झाले. दिल्लीचे दर्यागंज, लखनौचे हजरतगंज ही नावे सर्वपरिचित आहेत. महाराष्ट्रातही अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) गंज बाजार, लातूरची गंजगोलाई आणि पुण्याची गंज पेठ ही तीन नावे तीन भिन्न प्रदेशांतून याच अर्थाची ग्वाही देतात. माल प्रथम साठविला जातो आणि साठविला जातो म्हणून तेथे विकला जातो, हा व्यापाराचा क्रम या अर्थपरिवर्तनात प्रतिबिंबित झाला आहे.

‘गंज’पासून ‘गंजी’ होण्यास मराठीच्या रूपप्रक्रियेत अडचण नाही. गाडा–गाडी, टोपला–टोपली, कणगा–कणगी या जोड्यांत ईकारान्त स्त्रीलिंगी रूप मूळ वस्तूचा लहान किंवा विशिष्ट प्रकार दाखविते. गंज म्हणजे सर्वसाधारण साठा आणि गंजी म्हणजे विशिष्ट रीतीने केलेला वैरणीचा साठा, ही जोडी त्याच साच्यात बसते. राजाच्या रत्नांचा वाचक शब्द वाळलेल्या गवतास लागला, यात शब्दाची अवनती झाली असे कोणास वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता येथे अर्थ बदललेलाच नाही. खजिना ज्याच्या मालकीचा, तो धनी तेवढा बदलला आहे. ज्याच्या घरी सोने नाही, त्याचा खजिना बैल. आणि बैलाचे आयुष्य गंजीत.

३

गंजी हा शब्द व्यापक असला, तरी शेतीच्या प्रत्यक्ष व्यवहारात त्याच्या जोडीस अनेक शब्द आहेत. कोशांत त्यांचे अर्थ पुष्कळदा परस्परांच्या साहाय्याने दिलेले असतात, त्यामुळे ते समानार्थी असल्याचा भास होतो. पीक, पाऊस आणि रचनेची पद्धत या तीन गोष्टी लक्षात घेतल्या म्हणजे त्यांतील भेद स्पष्ट होतो.

देशावर ज्वारीची ताटे कापल्यावर त्यांच्या पेंढ्या बांधतात; पाच पेंढ्यांचा पाचुंदा होतो. शेतातच पेंढ्या एकमेकींस टेकवून उभ्या केल्या व त्यांना शंकूसारखा आकार आला, की त्यास बुचाड म्हणतात. ही रचना थोड्या दिवसांची असते. वारा खेळून ताटे वाळावीत, हा तिचा हेतू. सुडी हा शब्द पुष्कळ ठिकाणी मळणीची वाट पाहत असलेल्या, दाण्यासह रचलेल्या पिकासाठी वापरतात. कणसे खुडली गेली, मळणी झाली आणि नुसता कडबा उरला, की तो घराजवळ किंवा खळ्याच्या कडेस लांबट आकारात रचतात, ती वळई. वळईचा माथा उतरता ठेवून तो पाचटाने किंवा हलक्या गवताने शाकारतात आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बोरी-बाभळीच्या काट्या लावतात. कोकणात भात हे पीक आणि पाऊस मोठा. म्हणून तेथे भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना लोंब्या आत व बुडखे बाहेर ठेवतात आणि वरून उतार देतात. पाणी बुडख्यांवरून ओघळून जाते, दाणा आत कोरडा राहतो.

या भेदांचे तात्पर्य असे की प्रत्येक शब्द काळाचे एक माप सांगतो. बुचाड दिवसांचे, सुडी आठवड्यांची, तर वळई पुढचा पावसाळा पाहणारी. गंजी हा शब्द या सर्वांवर छत्र धरतो आणि म्हणूनच तो सर्वत्र समजतो. मराठवाड्यात व विदर्भात गेल्या काही दशकांत सोयाबीनचे पीक पसरले. हे पीक जुन्या शेतीत नव्हते. तरी कापून मळणीसाठी रचलेल्या सोयाबीनला तेथील शेतकरी गंजी किंवा सुडी असेच म्हणतो. नव्या पिकास जुना शब्द लावला गेला, कारण त्या राशीचे शेतकऱ्याच्या संसारातील स्थान बदललेले नव्हते. ‘गंजीला आग लागली’ हे वृत्त सुगीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येते, तेव्हा त्याचा अर्थ एका हंगामाचे सर्व उत्पन्न नाहीसे झाले, असाच असतो.

याच्या उलट, नागर मराठीत हा शब्द आज मुख्यतः ‘गवताच्या गंजीत सुई शोधणे’ या वाक्प्रचारात उरला आहे. हा वाक्प्रचार इंग्रजीच्या वळणाने आलेला आहे. त्यात गंजी म्हणजे निरुपयोगी, निराकार पसारा आणि मोलाची वस्तू म्हणजे सुई. शेतकऱ्याच्या व्यवहारात मोल गंजीचे असते. एकाच शब्दाच्या या दोन वापरांत शहर आणि खेडे यांच्या दृष्टीतील अंतर मोजता येते.

४

रचलेल्या गवतासाठी जुन्या मराठीत वापरलेला आणखी एक शब्द एका विख्यात राजपत्राने जतन केला आहे. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूण तालुक्यातील हालवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस पाठविलेले पत्र वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांमुळे अभ्यासकांस सुपरिचित आहे. रयतेस उपद्रव देऊ नये या आज्ञेसाठी ते नेहमी उल्लेखिले जाते. शब्दार्थाच्या अभ्यासकास त्यात निराळे धन सापडते.

या पत्राचा मोठा भाग गवताविषयी आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा व वैरण आरंभीच मनमानेल तशी उधळली, तर ऐन पावसात काही उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजाविले आहे. पुढे आगीविषयी इशारा आहे : कोणी शेकोटी करील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. असा विस्तव गवताच्या ‘लहळ्यां’वर पडला, तर असतील तेवढ्या लहळ्या एकामागून एक जळून जातील, असे पत्र सांगते. येथील रूपांवरून मूळ शब्द ‘लहळी’ असा स्त्रीलिंगी ठरतो. त्याचा अर्थ संदर्भच निश्चित करतो. लहळ्या गवताच्या आहेत, त्या अनेक आहेत, वेगवेगळ्या मोजता येतात, आणि एकीची आग दुसरीस लागेल इतक्या जवळ रचलेल्या आहेत. म्हणजे गवताच्या गंज्यांची ओळ. घोडी बांधावयाच्या गवती छपरांचे ‘खण’ पत्रात त्यांच्याबरोबरच येतात, पण वेगळे ओळखले जातात. तेव्हा लहळी म्हणजे छप्पर किंवा गवताने शाकारलेली खोपी असा अर्थ करता येत नाही.

या पत्राचे महत्त्व एका शब्दाच्या नोंदीपुरते नाही. गवताचा साठा संपला किंवा जळाला, तर पुढे काय घडेल याची साखळी त्यात मांडली आहे. उपाशी घोड्यांचे शिपाई कुणब्यांच्या घरी जातील. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. मग जे कुणबी कसेबसे तग धरून राहिले आहेत, तेही गाव सोडून जातील, आणि लोकांना स्वतःचे सैन्य मोगलांहून वाईट वाटू लागेल. म्हणून आज्ञा अशी की लागेल ती वस्तू बाजारात जाऊन रोख विकत घ्यावी. गवत आणि भाजीपाला या पत्रात एकाच वाक्यपरिवारात येतात, आणि त्यांच्या बाबतीत न्याय व अन्याय यांच्यामधील रेषा म्हणजे बाजार. शासनाची लहळी भरलेली असेल, तर कुणब्याची गंजी सुरक्षित राहते. सैन्यासाठी वैरण जमविण्यास बाहेर पडणाऱ्या टोळीस मराठीत ‘कही’ म्हणत. हा शब्द गवतवाचक फारसी ‘काह’पासून आला. लहळी रिती झाली की कही निघते आणि कही निघाली की गाव ओस पडते. सतराव्या शतकातील राज्यकारभाराचे हे सूत्र दोन कृषिशब्दांत सांगता येते.

५

आता पुण्याकडे वळले असता या शब्दांचे शहरातील रूप पाहावयास मिळते. मंडई हा शब्द संस्कृत ‘मंडपिका’ या शब्दाशी जोडला जातो. मध्ययुगीन कोरीव लेखांत मंडपिका म्हणजे मालावर जकात घेण्याचे ठाणे. मुंबईच्या व इतर बंदरांच्या ‘मांडवी’ या नावात तो अर्थ टिकून आहे. तेव्हा गंज हे साठ्याचे ठिकाण, तर मंडई हे मोजणीचे व देवघेवीचे ठिकाण, अशी ही जोडी आहे. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढील पटांगणात भरत असे. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत बांधलेल्या मंडईच्या इमारतीचे उद्घाटन झाले व मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट हे नाव मिळाले.

गंज पेठेत जोतीराव फुले यांचे घर होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते, आणि मार्केटच्या इमारतीवर मोठा खर्च करण्यास त्यांनी विरोध केल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. १८८३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर, पडिक जमिनी व गायराने आपल्या ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरली नाही, ही तक्रार आहे. १८७८ च्या जंगल कायद्याची पार्श्वभूमी तिला होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या तक्रारीचा अर्थ लक्षणीय आहे. पूर्वी गवतावरील मालकी मुख्यतः ते कापून रचल्यावर उत्पन्न होत असे. राखीव कुरणे हा अपवाद. नव्या व्यवस्थेत रानात उभ्या असलेल्या गवतावरच शासनाचा हक्क सांगितला गेला. गंजी रचण्याचे श्रम शेतकऱ्याकडे राहिले, पण त्यासाठी लागणारे गवत आता परवान्याचे अथवा लिलावाचे झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमधील गुरे चाऱ्यावाचून मोठ्या संख्येने मेली होती. त्या आठवणीच्या छायेत ही तक्रार वाचली पाहिजे. पुढे रे मार्केटला महात्मा फुले मंडई आणि गंज पेठेला महात्मा फुले पेठ अशी नावे देण्यात आली. साठ्याची पेठ आणि विक्रीची मंडई ही दोन्ही स्थाने, ज्याने शेतकऱ्याच्या रित्या गंजीचा प्रश्न मांडला त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

मंडईच्या व्यवहारभाषेत शेताचे शब्द आजही ऐकू येतात. शहरातील गिऱ्हाईक मेथीची जुडी मागते. दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांत तिलाच पेंढी म्हणतात, आणि कडब्याचीही पेंढीच असते. घाऊक बाजारात पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर ठरतो, तसाच कडब्याचा भाव शेकडा पेंढ्यांवर सांगितला जातो. धान्याच्या व्यापारास भुसार म्हणतात. त्या शब्दात दाण्याबरोबर येणाऱ्या भुसाची आठवण आहे. पुण्याचा घाऊक बाजार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुलटेकडीस गेला, तरी ‘भुसार विभाग’ हे नाव तेथेही त्याच्याबरोबर गेले. माल जोपर्यंत बैलगाड्यांतून येत असे, तोपर्यंत शहरास गाडीतळ लागत आणि गाडीतळास वैरण लागे. हडपसरचा गाडीतळ हे नाव त्या व्यवस्थेची खूण म्हणून उरले आहे. मोटारी आल्यावर शहराला कडब्याची गरज उरली नाही. भाजी मंडईत येत राहिली, म्हणून जुडी व शेकडा टिकले. वैरण येईनाशी झाली, म्हणून गंजी विसरली गेली. शब्दाचे आयुष्य त्याच्या मालाबरोबर शहरात शिरते आणि मालाबरोबरच बाहेर पडते.

६

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की गंज आणि गंजी यांचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा नाही. ‘राखून ठेवलेला साठा’ हा अर्थ राजाच्या कोषापासून शेतकऱ्याच्या परसापर्यंत अखंड आढळतो. दुसरी अशी की लहळी, वळई, सुडी, बुचाड व उडवी हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. पीक कोणते, पाऊस किती आणि साठा किती काळासाठी, यांची उत्तरे त्यांत साठविलेली आहेत. त्यांचा अर्थ ठरविताना कोशाइतकीच खळ्यावरील कामाची साक्ष घेतली पाहिजे. तिसरी गोष्ट ऐतिहासिक साधनांच्या वाचनाविषयी आहे. १६७३ च्या पत्रातील लहळी या शब्दाचा अर्थ ‘गवताचा ढीग’ एवढाच करून पुढे गेल्यास आगीची भीती ही एक घरगुती सूचना वाटते. तो शब्द संचयवाचक आहे हे जाणल्यावर त्या भीतीमागील राज्यविचार दृष्टीस पडतो : एक लहळी जळणे म्हणजे कित्येक कुणब्यांच्या दाराशी शिपाई उभे राहणे.

१९७२ च्या दुष्काळानंतरही महाराष्ट्रावर चाराटंचाईचे प्रसंग आले. २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये शासनाला ठिकठिकाणी गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. ‘छावणी’ हा शब्द हालवर्णच्या पत्राच्या काळी लष्करी घोड्यांच्या मुक्कामासाठी होता. तो आता शेतकऱ्याच्या गुरांना लागला आहे. शेतकऱ्याच्या परसातील वळई रिती झाली की शासनाला छावणी उघडावी लागते. म्हणून या शब्दांची नोंद घेताना ते जुने व ग्राम्य म्हणून बाजूस ठेवणे योग्य होणार नाही. ज्या गावात वळई, सुडी, उडवी हे शब्द अजून नित्याच्या बोलण्यात आहेत, तेथे पुढील उन्हाळ्याची तरतूद अजून घरच्या हातांनी केली जाते, असे समजावयास हरकत नाही.